बेस ऐकू येत नाही? वॅट सगळ्यात शेवटी मोजा

बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्याची तक्रार ठरलेली असते. घरी एकट्याने वाजवताना ॲम्प (ॲम्प्लिफायर) खिडक्यांची तावदानं हादरवतो, आणि प्रॅक्टिसला दोन गिटारी नि ड्रम्स सुरू झाले की तोच ॲम्प मुका होतो. मग आवाजाचं बटण चारवरून सातवर, सातवरून दहावर जातं, स्पीकर फाटक्या आवाजात कुरकुरायला लागतो, आणि घरी जाताना डोक्यात एकच विचार उरतो: मोठा ॲम्प घ्यायला हवा.

कधीकधी तो खरंच घ्यावा लागतो. पण बहुतेक वेळा हातातल्या ॲम्पची निम्मीअधिक ताकद अशा ठिकाणी खर्ची पडत असते, जिथून ती कुणाच्या कानापर्यंत पोचतच नाही. म्हणून पुढची कामं ज्या क्रमाने लिहिली आहेत त्याच क्रमाने करा. फुकटातली आधी, पैशाची नंतर.

आवाज कमी आहे, की फक्त तुम्हालाच ऐकू येत नाही?

बेसिस्ट सहसा कॅबला (म्हणजे स्पीकरच्या खोक्याला) जवळजवळ पाठ टेकून उभा असतो. कॅब जमिनीवर, स्पीकर गुडघ्याच्या उंचीला, आणि कान त्याच्या मीटरभर वर. सूर स्पष्ट करणारे वरचे पट्टे (उंच फ्रीक्वेन्सी) स्पीकरमधून सरळ पुढे जातात, ते तुमच्या पोटऱ्यांना ऐकू येतात. कानाला मिळतो फक्त धूसर खर्ज.

त्यामुळे पहिलं काम निदानाचं. लांब केबल लावा, बँडला सगळ्यात दणदणीत गाणं पूर्ण जोमात वाजवायला सांगा आणि वाजवत वाजवत समोर चार-पाच मीटरवर जाऊन उभे राहा. तिथे बेस नीट ऐकू येत असेल, तर तुमची अडचण ताकदीची नाही, कॅबच्या जागेची आहे. तिथे नुसतं घुमतंय पण कोणता सूर लागला ते कळत नसेल, तर ईक्यू (बेस, मिड, ट्रेबल, म्हणजे खालच्या, मधल्या, वरच्या पट्ट्यांची बटणं) चुकलाय. आणि तिथेही बेस दबलेलाच असेल, वर ॲम्पचा क्लिपचा (मर्यादा ओलांडून आवाज फाटू लागल्याचा) लाल दिवा सारखा पेटत असेल, तरच ताकद कमी पडतेय असं म्हणता येईल. मोबाइलवर रेकॉर्ड करून निकाल लावू नका. मोबाइलच्या माइकला खालचे पट्टे धड पकडता येत नाहीत आणि मोठ्या आवाजात तो आपणहून सगळंच दाबून टाकतो.

थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही

चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची ई तार ४१.२ हर्ट्झला वाजते. गिटारची खालची ई तिच्या बरोबर एक सप्तक वर, ८२.४ हर्ट्झला. पाच तारांच्या बेसची बी तर ३१ हर्ट्झच्या आसपास. या पट्ट्यात माणसाचा कान भलताच मठ्ठ असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून मांडलं आणि आजच्या आयएसओ २२६ मानकातले आलेखही तेच दाखवतात: १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलला जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटण्यासाठी ४० हर्ट्झच्या सुराला ८० डेसिबलच्या पुढे जावं लागतं. आवाज वाढत गेला की ही दरी कमी होते, पण मिटत नाही. गिटारवाला ज्या ताकदीत अख्खी खोली भरून टाकतो, त्या ताकदीत तुमचा खर्ज नुसता कुजबुजतो. ५० वॅटच्या गिटार ॲम्पशेजारी ३०० वॅटचा बेस ॲम्प दिसला तर ती चैन समजू नका.

दुसरी गोष्ट डेसिबलची. ताकद दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. हा फरक कळतो, पण ऐकून कुणी मान वळवत नाही. आवाज ढोबळमानाने दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. १०० वॅटचा ॲम्प विकून २०० वॅटचा घेतला आणि कॅब तोच ठेवला, तर एवढ्या खटाटोपातून हाती येतात ३ डेसिबल. पुढचा प्रत्येक उपाय याच हिशेबात तोलायचा आहे.

बेसपासून ॲम्पपर्यंत: गळती बंद करा

बेसवरचं व्हॉल्यूम पूर्ण उघडा. ॲक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) बेस असेल तर ९ व्होल्टची बॅटरी नवी घाला. संपत आलेली बॅटरी आवाज दबका आणि फाटका करते, आणि दोष ॲम्पला लागतो. (बहुतेक ॲक्टिव्ह बेसमध्ये केबल खोचलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, तेव्हा प्रॅक्टिस संपली की केबल काढा.) पिकअप (तारांखालचा, त्यांची थरथर पकडणारा चुंबकी भाग) फार खाली गेला असेल तर स्क्रू फिरवून वर घ्या. शेवटचा फ्रेट (दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) दाबून धरल्यावर तार आणि पिकअप यांच्यात दोन-तीन मिलिमीटर जागा राहिली म्हणजे झालं. त्याहून जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर डळमळतो.

पेडल वापरत असाल तर एकेक चालू-बंद करून बघा. पेडल चालू केल्यावर आवाज खाली बसत असेल तर त्याची लेव्हल वाढवा. दोन-तीन पेडलांनी थोडा थोडा आवाज खाल्ला की नुकसान मोठं होतं.

आता ॲम्प. इनपुटशेजारी ॲक्टिव्ह-पॅसिव्ह किंवा पॅडचं बटण असतं, ते आत येणारा सिग्नल बऱ्यापैकी कापतं. पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) बेस लावून ते दाबलेलं राहिलं असेल तर सुटलं कोडं. मास्टर (बाहेर जाणाऱ्या आवाजाचं बटण) खाली ठेवा आणि गाण्यात जितक्या जोरात वाजवता तितक्याच जोरात वाजवत गेन (आत येणाऱ्या सिग्नलचं बटण) वाढवत न्या. क्लिपचा दिवा सगळ्यात जोरकस ठोक्याला जेमतेम लुकलुकला की गेन किंचित मागे घ्या. मग मास्टर वाढवा. गेन दोनवर आणि मास्टर दहावर ठेवून वाजवणारे बरेच असतात. त्यात खरखर वाढते, ॲम्प मात्र अर्धवट झोपेतच राहतो. उलट, सिग्नल भरभक्कम असेल तर मास्टर चार-पाचवर असतानाच ॲम्प आपली सगळी ताकद देऊन बसलेला असू शकतो. बटणावरचा आकडा म्हणजे टक्केवारी असं समजू नका.

हातांबद्दलही एक गोष्ट. ऐकू येत नाही म्हणून बोटं आणखी जोरात मारली, तर तार फ्रेटवर आपटते. पहिला ठोका मोठा येतो, त्यामागचा सूर बारीकच राहतो, आणि तो ठोका ॲम्पला क्लिप करतो. हलक्या हाताने वाजवा आणि गेन वाढवा. बोटं ब्रिजकडे (तारा बेसच्या अंगावर जिथे टेकतात तिकडे) सरकवली की सुराला धार येते. आणि न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवा, कारण त्यांची गुणगुण ऐकू येत नसली तरी ॲम्पची ताकद खाते.

ईक्यू: सगळी मेख इथे आहे

ऐकू येत नाही म्हटलं की हात आधी ॲम्पवरच्या 'बेस' लिहिलेल्या बटणाकडे जातो. नेमकं हेच बटण ॲम्पचा घात करतं. समजा तुमचा ॲम्प २०० वॅटचा आहे आणि एखाद्या गाण्यात खालच्या सुरांना तो ५० वॅट देतोय. बेस ६ डेसिबल वाढवलात की त्या सुरांना चौपट, म्हणजे सगळेच्या सगळे २०० वॅट लागले. १२ डेसिबल वाढवलात तर जवळपास ८०० वॅट हवेत, आणि ते तुमच्याकडे नाहीत. ॲम्प क्लिप होतो, आवाज फाटतो, तुम्ही मास्टर खाली आणता, आणि मग सगळंच खाली जातं.

बरं, हा खर्च करून मिळतं काय? छोट्या कॅबमधून ४० हर्ट्झ बाहेर येतच नाहीत. एका दहा किंवा बारा इंची स्पीकरच्या बहुतेक कॉम्बोंचा (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) आवाज ६०-८० हर्ट्झच्या खाली उतरणीला लागतो. त्याखाली कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) नुसता पुढेमागे हलतो. मग खालची ई आपल्याला ऐकू कशी येते? कारण ४१ हर्ट्झबरोबर ८२, १२३, १६५ असे तिचे वरचे स्वरांशही वाजत असतात आणि त्यांच्यावरून मेंदू मूळ सूर ताडतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवरही गाण्याची बेसलाइन कळते ती अशीच. थोडक्यात, बँडमध्ये तुमचा सूर ओळखू येतो तो त्याच्या मधल्या पट्ट्यांवरून, आणि तिथे कान तरतरीत असल्याने थोड्या वॅटमध्ये पुष्कळ काम होतं.

घरी मात्र सगळे याच्या उलट करतात. बेस वर, ट्रेबल वर, मिड खाली. एकट्याने वाजवताना हे फार झकास लागतं. बँडमध्ये खालचा भाग किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) खातो, वरचा सिंबल्स (झांजा) खातात, आणि मधली जी जागा तुमची होती ती तुम्ही स्वतःच मोकळी करून दिलेली असते.

आता हे करा. सगळी बटणं मधोमध, म्हणजे बारा वाजता आणा. मन घट्ट करून बेस थोडा, दोन-तीन डेसिबल, खाली घ्या. ॲम्पवर मिडची फ्रीक्वेन्सी बदलता येत असेल तर मिड ६ डेसिबल वाढवा आणि बँड पूर्ण जोमात वाजत असताना फ्रीक्वेन्सीचं बटण २५० पासून १००० हर्ट्झपर्यंत सावकाश फिरवा. एका ठिकाणी बेस धुक्यातून बाहेर यावा तसा अचानक समोर येतो. तिथे थांबा आणि वाढवलेली मिड निम्म्यावर आणा. ही जागा प्रत्येक बँडमध्ये वेगळी असते, कारण ती तुमच्या गिटारवाल्यांनी कुठला पट्टा मोकळा सोडलाय त्यावर ठरते. अंदाज हवा असेल तर १०० हर्ट्झच्या आसपास वजन असतं, २०० ते ३०० मध्ये सुराचं अंग (आणि जास्त झालं की चिखल), ५०० ते ८०० मध्ये सुराची ओळख, आणि १००० च्या वर बोटांचा किंवा पिकचा ठोका.

अशा रीतीने लावलेला आवाज एकट्याने ऐकला तर नाकातला, रुक्ष वाटतो. वाटू द्या. प्रेक्षक तुम्हाला एकट्याला ऐकायला आलेले नसतात. ईक्यू बँड थांबलेला असताना लावायचाच नाही, हा माझ्या मते या लेखातला सगळ्यात फायद्याचा सल्ला आहे, आणि सगळ्यात कमी पाळला जाणाराही.

थोडा ओव्हरड्राइव्हही (सिग्नल मुद्दाम किंचित फाडणं) चालतो. त्याने वरचे स्वरांश वाढतात आणि तेवढ्याच वॅटमध्ये बेस जास्त पुढे येतो. 'ट्यूबचे वॅट मोठे असतात' असं वादक म्हणतात, त्यामागेही हेच आहे. वॅट सगळीकडे सारखाच, पण ट्यूब (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प क्लिप होताना कानाला बोचत नाही, त्यामुळे वादक त्याला बेधडक ताणतात.

हाय-पास आणि कंप्रेसर

ॲम्पवर किंवा पेडलवर हाय-पास फिल्टर (ठरावीक फ्रीक्वेन्सीखालचं कापणारा) असेल तर तो ३५-४० हर्ट्झला लावा. कानाला फरक जवळजवळ कळणार नाही. पण कॅबच्या जाळीतून टॉर्च मारून बघा: हाय-पास बंद असताना नुसता अंगठा पिकअपवर टेकवला किंवा तळव्याने तारा थोपटल्या तरी कोन चांगलाच आतबाहेर होताना दिसतो, आणि त्यातला आवाज मात्र काहीच नसतो. ती सगळी हालचाल वाया गेलेली ताकद. समोर पोर्टचं भोक असलेल्या कॅबमध्ये तर पोर्टच्या ट्यूनिंगखालच्या सुरांना कोनाला आवर घालणारा हवेचा दाब उरत नाही, आणि स्पीकर खराब होतो तो बऱ्याचदा इथेच. हाय-पास लावला की ॲम्प आणि स्पीकर दोघंही मोकळा श्वास घेतात आणि मास्टर आणखी वर नेता येतो.

कंप्रेसरचं काम ठोक्यांची टोकं कापण्याचं. ४:१ गुणोत्तर, ५ ते १० मिलिसेकंदांचा अटॅक (दाबायला लागणारा वेळ), आणि जोरकस सुरांना ४ ते ६ डेसिबल कपात होईल इतका थ्रेशोल्ड (जिथून दाबणं सुरू होतं ती पातळी). मग जितकी कपात तितकाच आउटपुट वाढवा. टोकं तिथेच राहिली, सुराचं अंग मात्र ४ ते ६ डेसिबल वर आलं. ॲम्प बदलून हे मिळवायचं तर अडीच ते चारपट वॅट लागले असते. यापेक्षा जास्त दाबू नका, नाहीतर ठोक्याचा जीव जातो आणि बेस पुन्हा गर्दीत हरवतो.

कॅब कुठे ठेवायचा

४१ हर्ट्झच्या लहरीची लांबी ८ मीटरहून जास्त असते. एवढी लांब लहर कॅबच्या पुढेमागे सगळीकडे पसरते, मागच्या भिंतीवर आपटते आणि परत येते. कॅब भिंतीला टेकलेला असेल तर परतलेली लहर मूळ लहरीला साथ देते आणि खालचे सूर फुकटात वाढतात. कोपऱ्यात ठेवला तर आणखी वाढतात, पण घुमायलाही लागतात.

फसगत होते ती कॅब भिंतीपासून अर्धवट पुढे ओढल्यावर. स्पीकर भिंतीपासून १ मीटरवर असेल तर भिंतीकडे जाऊन परतणाऱ्या लहरीला २ मीटर जास्त चालावं लागतं. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर ८६ हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ४ मीटर येते. म्हणजे ती नेमकी उलटी होऊन परतते आणि समोरून निघालेल्या लहरीला मारते. ८६ हर्ट्झ म्हणजे डी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा एफ. ए तारेच्या आठव्या फ्रेटवरचा एफही तोच. गाण्यात एफ आला की बेस अंतर्धान पावतो आणि शेजारचे सूर ठीक असतात, असं होत असेल तर ॲम्पवरचं एकही बटण न फिरवता कॅब मागे ढकलून बघा.

तुमची स्वतःची जागाही बघा. ४ मीटर लांब खोलीत पहिली स्थिर लहर सुमारे ४३ हर्ट्झला तयार होते, म्हणजे खालच्या ई-एफजवळ, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर तिचा दाब जवळपास शून्य असतो. मध्यात उभं राहून 'खर्जच नाही' म्हणत बटण पिळणारा बेसिस्ट भिंतीजवळच्या सगळ्यांना बुकलून काढत असतो.

आणि कॅब तिरका करा. पुढच्या कडेखाली लाकडाचा ठोकळा घालून स्पीकरचा रोख कानाकडे येईल असं बघा. मधले पट्टे कानापर्यंत आले की आवाज न वाढवताही बेस 'वाढतो'. कॅब खुर्चीवर ठेवला तर जमिनीची साथ सुटून थोडा खर्ज कमी होतो, पण घुमणाऱ्या खोलीत ते बरंच पडतं.

दुसरा कॅब, ओहम आणि केबल

इथून पैसे लागतात. आणि तरीही वॅट अजून आलेले नाहीत, कारण त्याआधी स्पीकर येतात.

कॅबच्या माहितीपत्रकात संवेदनशीलतेचा आकडा असतो: १ वॅट दिला असता १ मीटरवर किती डेसिबल. एका कॅबचा ९४ आणि दुसऱ्याचा १०० असेल तर तोच ॲम्प दुसऱ्या कॅबवर ६ डेसिबल मोठा वाजतो. पहिल्या कॅबवर तेवढा आवाज काढायला चौपट वॅट हवेत. खरेदीच्या वेळी वॅट सगळे विचारतात, हा आकडा क्वचित कुणी विचारतं.

त्याहून सोपा उपाय म्हणजे आहे त्या कॅबसारखाच दुसरा जोडणं. हलवणारी हवा दुप्पट झाली की खालच्या पट्ट्यांत सुमारे ३ डेसिबल मिळतात. शिवाय ८ ओहमचे (ओहम म्हणजे कॅबच्या विद्युत रोधाचं माप) दोन कॅब समांतर जोडले की ४ ओहम होतात आणि बहुतेक सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरचे) ॲम्प ४ ओहमला ८ ओहमपेक्षा बरीच जास्त ताकद देतात. ५०० वॅट असं छापलेल्या ॲम्पच्या मागे नीट बघा, ते सहसा ४ ओहमला असतात. सगळं मिळून ५-६ डेसिबल पदरात पडतात. दोन्ही कॅब शेजारी शेजारी न ठेवता एकावर एक रचा. वरचा आपोआप कानाजवळ येतो आणि दोन्ही बाजूंना आवाज जास्त सारखा पसरतो.

चार दहा इंचींच्या कॅबखाली एक पंधरा इंची, अशी जोडी पूर्वापार लोकप्रिय आहे. 'पंधरा इंची म्हणजे जास्त खोल' हा समज मात्र खरा नाही. खोली ठरते खोक्याच्या आकारमानावर, ट्यूनिंगवर आणि त्या विशिष्ट स्पीकरवर. दोन्ही कॅब ८ ओहमचे असतील तर ताकद निम्मी-निम्मी वाटली जाते: चार दहा इंचींना मिळून जेवढी, तेवढीच एकट्या पंधरा इंचीला. जोर वाढवला की आधी तोच आचके देतो. सारखेच दोन कॅब घेतलेले बरे.

ओहमच्या बाबतीत मात्र धाडस नको. ॲम्पवर 'किमान ४ ओहम' लिहिलेलं असेल तर त्याखाली जायचं नाही. ४ ओहमचे दोन कॅब समांतर म्हणजे २ ओहम, आणि ८ बरोबर ४ म्हणजे सुमारे २.७. दोन्ही चालणार नाहीत. ट्यूब ॲम्पमध्ये कॅबचे ओहम आणि मागचा ओहमचा स्विच जुळलाच पाहिजे, आणि कॅब न जोडता ट्यूब ॲम्प वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. ॲम्प आणि कॅब यांच्यात स्पीकर केबलच लावा. गिटारची केबल बाहेरून तशीच दिसली तरी आतली तार बारीक असते, ती तापते आणि ताकदही खाते. स्पीकॉनची (वळवून अडकवायच्या स्पीकर प्लगची) सोय असेल तर तीच वापरा, कारण ते कुलूप लागल्यासारखं बसतं आणि पाय अडकला तरी निघत नाही.

आता वॅट

एवढं सगळं करूनही समोर उभं राहिल्यावर बेस दबलेला आणि क्लिपचा दिवा पेटलेला असेल, तर मोठा ॲम्प घ्या. जोरात वाजवणारा ड्रमर आणि दोन इलेक्ट्रिक गिटारी असतील तर ३०० ते ५०० वॅट आणि चार दहा इंची किंवा दोन बारा इंची स्पीकर, इथून सुरुवात करणं शहाणपणाचं. २०० वरून ३०० वर जाण्यात अर्थ नाही, ते दोन डेसिबलही होत नाहीत. उडी मारायची तर निदान तिप्पट-चौपट. क्लास डी (हलक्या, कार्यक्षम बांधणीचे) ॲम्प आता हातात मावतात, तेव्हा वजनाची सबब उरलेली नाही. कॉम्बो घेत असाल तर जादा कॅब जोडायची सोय आहे ना ते आधी बघा. ती नसेल तर वर सांगितलेली दुसऱ्या कॅबची वाट कायमची बंद.

बँडशी बोलणं

तुम्ही कितीही वाढवलंत तरी गिटारवाला त्याच्यावर वाढवणार असेल तर ही शर्यत तुम्ही हरणार, कारण तुम्हाला त्याच्या कित्येक पट ताकद लागते. (बेसवाल्यांवर हा अन्याय जुनाच आहे. फेंडरने १९५२ साली बेससाठी बासमन नावाचा ॲम्प काढला, तर तोही गिटारवाल्यांनी आपलासा केला.)

'तू फार मोठा वाजवतोस' या वाक्याने भांडणच होतं. 'अरे, तुझा ॲम्प जरा खुर्चीवर ठेवून बघू या का?' म्हणून बघा. जमिनीवरच्या ॲम्पचा झोत गिटारवाल्याच्या गुडघ्यांवरून समोरच्यांच्या कानात जातो. त्याला स्वतःला आवाज मंद आणि बोथट वाटतो, म्हणून तो ट्रेबल आणि व्हॉल्यूम दोन्ही वाढवतो. तोच ॲम्प कानासमोर आला की आवाज तो स्वतःच्या हाताने कमी करतो. मी हे वादावादीशिवाय कमी झालेलं पाहिलंय, आणि दुसऱ्या कुठल्या उपायाने ते इतकं सहज झालेलं पाहिलेलं नाही.

दुसरी मागणी: गिटारचा १०० हर्ट्झखालचा भाग कापणं. बँडमध्ये गिटारला त्याची गरज नसते आणि तुमची जागा मोकळी होते. कीबोर्डवाल्याचा डावा हात तुमच्याच सप्तकात फिरत असेल तर त्याला वर सरकवा. आणि पाच तारांच्या बेसवर खालच्या बी तारेवरचे सूर छोट्या कॅबमधून येत नसतील तर तुम्हीच ते एक सप्तक वर वाजवा.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीला लेव्हल या क्रमाने लावा:

१. ड्रमर एकटा, त्याच्या नेहमीच्या जोमात. त्याला व्हॉल्यूमचं बटण नाही, म्हणून बाकीच्यांची पातळी त्याच्यावरून ठरते.
२. मग बेस. किकच्या बरोबरीने सूर ऐकू येईल इतकाच.
३. मग गाणारा, पीएमध्ये (माइक-स्पीकरच्या सार्वजनिक ध्वनियंत्रणेत) शिट्टी वाजायच्या किंचित खाली. ही वरची मर्यादा.
४. गिटारी सगळ्यात शेवटी, गाण्याच्या शब्दांवर न चढता.

ड्रमर फारच जोरात मारत असेल तर तुमचा कॅब त्याच्या हाय-हॅटच्या (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीच्या) बाजूला, त्याला नीट ऐकू येईल असा ठेवा. पुष्कळ ड्रमर जोरात मारतात कारण त्यांना बेस ऐकू येत नसतो. लहान खोलीत काड्यांच्या जुडीसारखे रॉड्स वापरून बघायला सांगा.

कार्यक्रमात पीए असेल तर

१९६९ साली अँपेगने ३०० वॅटचा एसव्हीटी हा बेस ॲम्प काढला आणि त्याखाली दहा इंची आठ स्पीकरचा कॅब दिला, तेव्हा पीएमधून मुख्यतः गाणाराच जात असे आणि बेसला मैदान स्वतःच भरावं लागे. आता ॲम्पच्या डीआय (मिक्सरसाठी थेट सिग्नल देणाऱ्या) आउटपुटमधून केबल थेट मिक्सरला जाते आणि प्रेक्षकांपर्यंत बेस पोचवायचं काम पीएचं असतं. स्टेजवर ॲम्प फक्त तुमच्यापुरता आणि ड्रमरपुरता. डीआयजवळचा प्री-पोस्ट स्विच 'प्री'वर ठेवा, म्हणजे स्टेजसाठी ईक्यू फिरवलात तरी साउंडवाल्याकडे जाणारा आवाज बदलत नाही. घरघर आली तर ग्राउंड लिफ्टचं (अर्थिंगची जोडणी तोडणारं) बटण दाबा.

गाण्यापुरताच छोटा पीए असेल तर सबवूफर (फक्त खर्जाचे स्पीकर) आहेत का ते आधी विचारा. नसतील तर त्यात बेस थोडाच सोडा आणि तोही हाय-पास लावून, नाहीतर गाणाऱ्याचा आवाज चिरकायला लागेल.

कान

अमेरिकेच्या निऑश या संस्थेची शिफारस अशी: ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशेबाने ९४ डेसिबलला एक तास, १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. बंद खोलीत ड्रम्स आणि दोन ॲम्प चालू असताना १०० गाठायला फारसं काही करावं लागत नाही, म्हणजे एका प्रॅक्टिसमध्ये कित्येक दिवसांचा वाटा संपतो. कानात बोळे घाला, पण संगीतकारांसाठीचे, सगळे पट्टे जवळपास सारखे कमी करणारे. साधे फोमचे बोळे वरचे पट्टे खालच्यांपेक्षा जास्त कापतात. त्यामुळे तुम्हाला मिड आणि ट्रेबल कमी वाटतात, खर्ज भरपूर वाटतो, आणि त्या अंदाजाने ठेवलेली लेव्हल आणि ईक्यू खोलीतल्या बाकी सगळ्यांसाठी चुकीचे ठरतात. फोमचेच बोळे हाताशी असतील तर ईक्यू लावण्यापुरतं एखादं गाणं ते काढा, कॅबपासून लांब उभे राहा, बटणं लावून घ्या आणि मग बोळे परत घाला.